३८४ फॉर्म आणि त्यांची मागची बाजू

पत्र :

"मी व्यवस्थापनशास्त्रात पीएचडी करते आहे. विषय : विकसनशील देशातल्या लघुव्यावसायिकांची आर्थिक साक्षरता आणि त्यांच्या व्यवसायाची कामगिरी. परदेशी शोधनिबंधांतली तयार प्रश्नावली घेतली, भाषांतर केलं. गाइडनी तक्ता बघून ३८४ फॉर्म भरून आणायला सांगितलं. तीन महिन्यांत ६१ झाले. त्यातही 'मासिक नफा' हा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा. एक शिंपी म्हणाले, 'नफा असा वेगळा नसतो हो. घर चालतं, माल भरला जातो, झालं.' पाच पर्यायांच्या प्रश्नांना सगळे 'सहमत'वरच बोट ठेवतात. एक बाई तर म्हणाल्या, 'तुम्हाला काय पाहिजे ते लिहा, मी सही करते.' काही जण आधी विचारतात, कुठल्या खात्याकडून आलात? लोक जे बोलतात ते फॉर्ममध्ये कुठेच बसत नाही, म्हणून मी ते मागच्या बाजूला लिहून ठेवते. माझ्याबरोबरचा एक जण म्हणतो, उरलेले फॉर्म दोन रात्रींत बसून भरून टाकू, सगळे तेच करतात. गाइड म्हणतात, आधी डेटा आणा, मग बोलू. विषय बदलून शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे तयार आकडे घ्यावेत का? की माझंच काही चुकतंय?"
– एक थकलेली संशोधक

उत्तर :

त्या दोन रात्रींचं आधी बोलते, कारण ते लवकर संपतं. भरू नका. पकडले जाल हे कारण दुय्यम आहे, पण तेही आहेच. मनाने आकडे लिहायला बसलं की माणूस फार नीटनेटके लिहितो. खराखुरा माणूस वय सांगताना, दिवसाची विक्री सांगताना शून्यावर नाहीतर पाचावर येऊन थांबतो. कित्येक देशांच्या जनगणनेत वयांचे आलेख दर पाच वर्षांवर उंचावलेले दिसतात ते त्यामुळेच. बनावट फॉर्म भरणारा मुद्दाम ४७, ५३, ३८ अशी पेरणी करतो आणि तिथेच सापडतो. शिवाय प्रत्येक फॉर्म बाकीच्या प्रत्येक फॉर्मशी ताडून कुठले दोन जरा जास्तच जुळतात, हे संगणक चहूबाजूंनी क्षणात काढून देतो. नेदरलँड्समध्ये डीडरिक स्टापेल हा नावाजलेला सामाजिक मानसशास्त्रज्ञ न झालेल्या पाहण्यांचे आकडे स्वतः बसून तयार करायचा. २०११ साली त्याच्याच विभागातल्या तरुण संशोधकांनी ते उघडकीला आणलं, पुढे पन्नासहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. त्याने दिलेल्या आकड्यांवर ज्यांनी विश्वासाने प्रबंध लिहिले होते, त्या विद्यार्थ्यांचं काय झालं असेल याचा विचार मी अधूनमधून करते.

पण तुम्हाला नको म्हणायचं माझं खरं कारण निराळं. ३२३ खोटे फॉर्म घातलेत की ६१ खरे त्यात बुडून जातील. आणि मला दिसतंय ते असं, की तुमचा प्रबंध त्या ६१ फॉर्मांतच आहे. पुढच्या बाजूला कमी, मागच्या बाजूला जास्त.

त्या शिंप्यांचं वाक्य घ्या. 'नफा असा वेगळा नसतो.' तुम्ही ते उत्तर मिळालं नाही म्हणून मागे लिहिलंत. मला ते अख्ख्या फॉर्ममधलं सगळ्यात नेमकं उत्तर वाटतं. नफा वेगळा काढायचा तर धंदा आणि घर ही दोन खाती आहेत असं आधी धरावं लागतं. तुमच्या प्रश्नावलीने ते गुपचूप धरलं आहे, शिंप्यांनी धरलेलं नाही. एकाच गल्ल्यातून अस्तराचं कापडही येतं आणि मुलाची फीही जाते.

याच रकान्यावर तुमच्याआधी बऱ्याच जणांनी डोकं आपटलं आहे. सुरेश डि मेल, डेव्हिड मॅकेन्झी आणि ख्रिस्तोफर वुडरफ यांचा श्रीलंकेतल्या छोट्या धंद्यांवरचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. विक्री विचारायची, खर्च विचारायचा, वजाबाकी करायची, तर ती वजाबाकी आणि मालकाने तोंडाने सांगितलेला नफा यांचा मेळ बसत नाही, ही त्यांची अडचण. कुणालाही वाटेल, मालक थापा मारतोय. त्यांनी खोदून पाहिलं तेव्हा मोठं कारण निघालं वेळेचं. या महिन्यात भरलेला माल याच महिन्यात खपतो असं थोडंच आहे? खर्च आजचा, त्याची विक्री पुढे कधीतरी, आणि आपण दोन्ही एकाच महिन्याच्या खणात कोंबतो. विक्री लोक साधारण ३० टक्क्यांनी कमी सांगतात, हेही त्यांना दिसलं. पण निष्कर्ष मात्र गमतीचा होता : विक्री-खर्चाचे तपशील उकरत बसण्यापेक्षा नफाच सरळ विचारला तर उत्तर जास्त खरं येतं. फक्त विचारायचा कसा ते त्यांनी नीट ठरवलं होतं. कामगारांच्या पगारासकट सगळे खर्च भागवल्यावर, पण स्वतःसाठी काही काढून घेण्याआधी, गेल्या महिन्यात किती राहिले? 'स्वतःसाठी काही काढून घेण्याआधी' हे चार शब्द तुमच्या फॉर्ममध्ये नाहीत, असं मी पैजेवर सांगते. ते घातलेत तर शिंप्यांना निदान तुम्ही काय विचारताय ते कळेल.

पुढे २०१४ साली आलेला आणखी एक अभ्यास तुमच्या विषयाच्या अगदी दारातला आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये अलेहांद्रो ड्रेक्सलर, ग्रेग फिशर आणि अँटोइनेट शोर यांनी छोट्या व्यावसायिकांचे दोन गट केले. एकाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं. दुसऱ्याला साधे ठोकताळे दिले. त्यातला एक असा, की धंद्याचे पैसे एका खणात आणि घरचे दुसऱ्यात ठेवा. रीतसर शिकवणीने फारसा फरक पडला नाही, ठोकताळ्यांनी पडला. म्हणजे तुमच्या शिंप्यांनी एका वाक्यात सांगितलं ती गोष्ट या क्षेत्रातला जिवंत प्रश्न आहे, आणि तुम्ही ती फॉर्मच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.

आता आर्थिक साक्षरतेचे तुमचे प्रश्न. तुम्ही नाव दिलेलं नाही, पण बहुधा ते अनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल यांच्या तीन प्रसिद्ध प्रश्नांवरून आले असावेत. बचत खात्यात १०० डॉलर, व्याज वर्षाला २ टक्के, ५ वर्षांनी १०२ पेक्षा जास्त होतील की कमी? अमेरिकेतल्या पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी २००४ साली तयार झालेले हे प्रश्न, त्या कामासाठी उत्तमच. पण जो माणूस सकाळी उसने घेऊन संध्याकाळी फेडतो, त्याच्या आयुष्यात 'वर्षाला' आणि 'टक्के' हे दोन्ही शब्द नाहीत. त्याला शंभराला रोजचे किती हे तोंडपाठ असतं. तो तुमच्या प्रश्नात नापास होतो आणि दुपारी सावकाराशी घासाघीस करताना मला-तुम्हाला जमणार नाही असा हिशेब बोटांवर करतो. शेअर आणि म्युच्युअल फंड यांतलं सुरक्षित काय, हा तिसरा प्रश्न तर ज्याने दोन्ही पाहिले नाहीत त्याला विचारून आपण त्याचं अज्ञान मोजतो की आपलं? (हे वाक्य प्रबंधात घालू नका. परीक्षकांना झोंबतं.)

भाषांतराबद्दल फार लांबवत नाही. एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता ते पुन्हा मूळ भाषेत न्यायचं आणि दोन्ही ताडायचे, ही रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली मांडलेली पद्धत वापरली नसेल तर वापरा. पण तिने शब्द जुळतात, प्रश्न त्या माणसाचा होतो असं नाही. गेर्ट होफस्टेडे यांनी आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या लाखावर प्रश्नावल्यांवरून देशोदेशींच्या संस्कृतींची मापं काढली. हाँगकाँगमध्ये काम करणाऱ्या मायकेल बॉन्ड यांनी मग उलटं केलं : चिनी अभ्यासकांनाच विचारलं की तुमच्याकडे मोलाचं काय मानतात, आणि त्यावरून प्रश्नावली बेतली. वीसहून अधिक देशांत ती फिरवल्यावर १९८७ साली त्यांना एक असं माप सापडलं जे आधीच्या प्रश्नावलीत उमटलंच नव्हतं. होफस्टेडे यांनी ते पुढे आपल्या मापांत घेतलंही. प्रश्न विचारलाच नाही तर उत्तर येणार कुठून!

३८४ वर जरा थांबते, कारण या आकड्याने किती विद्यार्थ्यांची झोप घालवली आहे त्याला गणती नाही. क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० साली एक तक्ता छापला. एकूण लोक दहा लाख असतील तर त्यातून निवडायचा नमुना ३८४ जणांचा. गणित बरोबर आहे : उत्तर खऱ्यापासून ५ टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे नसेल, याची ९५ टक्के खात्री. पण त्या गणिताची एक अट असते, की त्या दहा लाखांतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखीच संधी हवी. त्यासाठी दहा लाखांची यादी हवी. तुमच्याकडे यादी आहे का? नोंद नसलेल्या धंद्यांची यादी कुणाकडेच नसते, म्हणून तर ते नोंद नसलेले. तुम्ही भेटलात ते रस्त्यावरून दिसणारे, त्या वेळी हाताला काम नसलेले आणि अनोळखी बाईशी बोलायला तयार असलेले लोक. असे ३८४ काय आणि ३,८४० काय, ती ५ टक्क्यांची हमी लागू होत नाही.

यादी नसेल तर ती करायची असते, आणि त्याला चपला झिजवण्याखेरीज उपाय नाही. मोजके भाग निवडा. त्यातली प्रत्येक गल्ली पायी फिरा, जो जो धंदा दिसेल तो वहीत घ्या. दाराआड चालणारे विसरू नका. घरात बसून शिवण, पॅकिंग, दुरुस्ती करणाऱ्या बायका रस्त्यावरून दिसत नाहीत आणि स्वतःहून 'माझा धंदा आहे' असंही म्हणत नाहीत. वहीत चारशे नावं झाली की दर तिसरं किंवा चौथं घ्या, आणि तो सापडला नाही तर शेजारच्याला न पकडता पुन्हा जा. शे-सव्वाशे फॉर्म असे आलेत तर ते सापडेल त्याचे भरलेल्या ३८४ पेक्षा कितीतरी जड आहेत. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये तागाच्या पिकाची पाहणी करत असत तेव्हा एकाच भागातले दोन स्वतंत्र नमुने दोन वेगळ्या तुकड्यांना द्यायचे. दोघांचे आकडे फार लांब गेले तर गडबड शेतात नसून पाहणी करणाऱ्यांत आहे हे कळायचं. तुम्ही एकट्या आहात, तुकड्या कुठून आणणार? दहातल्या एकाकडे पंधरा दिवसांनी परत जा आणि त्यातले चार प्रश्न पुन्हा विचारा. उत्तर बदललं तर तेही लिहा.

'सहमत'चं दुखणं जुनं आहे. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली ही पाच पायऱ्यांची पट्टी काढली, आणि १९६३ साली एमिली जोन्स यांनी आग्नेय आशियातल्या पाहण्यांबद्दल लिहिताना हेच म्हटलं होतं की लोक पाहुण्याला नाराज करत नाहीत, त्याला हवं ते उत्तर देतात. तुमच्या त्या बाई उद्धट नव्हत्या, तुमच्यावर उपकार करत होत्या. अशा डेटाची एक वाईट खोड सांगते : काही जण सगळ्यालाच 'सहमत', काही सगळ्यालाच 'पूर्ण सहमत' म्हणाले की क्रोनबॅक अल्फा (प्रश्नावलीतली उत्तरं आपसांत किती जुळतात याचं माप, १च्या जवळ तितकं चांगलं) झकास येतो, आणि प्रश्नावली विश्वासार्ह असल्याचा शिक्का मिळतो. मी स्वतः एकदा ०.९१ बघून हुरळून गेले होते. नंतर फॉर्म चाळले तर एकेका माणसाच्या खुणा वरपासून खालपर्यंत सरळ रेषेत.

यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे विधान करायचंच नाही, दोन माणसं उभी करायची. 'एक जण म्हणतो, उधारी देऊच नये, बुडते. दुसरा म्हणतो, उधारी दिली नाही तर गिऱ्हाईक टिकत नाही. तुमचं कुणाशी पटतं?' दोन्ही बाजूला शहाणी माणसं असली की समोरच्याला कुणाला खूश करायचं ते कळत नाही, मग तो स्वतःचं सांगतो. बहुतेक वेळा तिसरंच सांगतो, 'माणूस बघून देतो.' मग विचारा, माणूस कसा बघता?

'कुठल्या खात्याकडून आलात' हा प्रश्न तुम्हाला अडथळा वाटतो आहे. कर, जागा खाली करणं, दंड, यांतलं काहीतरी ज्याने सोसलं आहे तो हे विचारणारच. फॉर्मवर नाव घेऊ नका, क्रमांक घाला, आणि तसं तो बघत असताना करा. सही मागितली की चेहरे बदलतात. तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीकडून तोंडी संमतीची परवानगी मिळते का बघा. बँकेच्या किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेच्या माणसाबरोबर जाऊ नका, त्या दिवसापासून तुम्ही कर्जवाल्या बाई होता आणि प्रत्येक उत्तर कर्ज मिळण्याच्या हिशेबाने येतं. नाजूक प्रश्न 'तुम्ही' असा विचारायचाच नाही. जागतिक बँकेच्या उद्योग पाहण्यांत लाचेचा प्रश्नसुद्धा 'तुमच्यासारखे उद्योग साधारण किती देतात' असा असतो. उत्तर देणारा बहुतेक स्वतःचंच सांगतो, पण अंगावर काही येत नाही.

आणि वेळ बदलून बघा. रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ साली लिहिलं होतं की बाहेरून येणारे अभ्यासक डांबरी रस्त्यालगत, कोरड्या ऋतूत, पुढारी आणि पुरुषांना भेटून परत जातात आणि गरिबी समजली असं मानतात. तुमचे ६१ फॉर्म कुठल्या महिन्यांतले, दिवसाच्या कुठल्या वेळचे, कोणत्या रस्त्यांवरचे, याचा एक तक्ता करा. बघवणार नाही, पण करा.

तयार आकड्यांकडे जायचं का? जायला हरकत नाही, तो प्रश्न तुम्हाला खरोखर पडला असेल तर. पळून जाण्यासाठी जाऊ नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८च्या अहवालानुसार जगातले २ अब्ज लोक, म्हणजे काम करणाऱ्यांतले ६० टक्क्यांहून जास्त, अनौपचारिक, म्हणजे नोंद किंवा कायद्याचं संरक्षण नसलेल्या, कामात आहेत, आणि त्यातले ९३ टक्के विकसनशील आणि उदयोन्मुख देशांत. नोंदलेल्या कंपन्यांत हे कुणीच दिसणार नाहीत. आणि तयार आकडे आकाशातून पडत नाहीत. घानाने नोव्हेंबर २०१० मध्ये राष्ट्रीय उत्पन्न मोजायचं आधारवर्ष (ज्या वर्षाचं चित्र पाया धरून मोजतात ते) बदललं आणि अर्थव्यवस्था एका दिवसात सुमारे ६० टक्क्यांनी मोठी निघाली. नायजेरियात २०१४ साली हाच प्रकार ८९ टक्क्यांचा. लोक आदल्या रात्री होते तेवढेच कमावत होते. मोबाइल, चित्रपट यांसारखे वाढलेले धंदे जुन्या मोजणीत नीट धरलेले नव्हते, इतकंच. तिथेही रकानेच रिकामे होते, फक्त वर छापील मुखपृष्ठ होतं.

'अनौपचारिक क्षेत्र' ही संज्ञा सुद्धा अशाच न बसणाऱ्या माणसांतून आली. कीथ हार्ट हे मानववंशशास्त्रज्ञ १९६०च्या दशकात घानाच्या अक्रा शहरात निमा नावाच्या वस्तीत राहिले. कागदोपत्री तिथले बरेच जण बेरोजगार किंवा अर्धबेरोजगार. प्रत्यक्षात एकेक जण तीन-तीन ठिकाणांहून कमावत होता. हार्ट यांनी ते १९७१ साली एका परिषदेत मांडलं, १९७३ साली निबंध छापला. मधल्या काळात श्रम संघटनेच्या १९७२च्या केनिया अहवालाने तो शब्द जगभर नेला. 'नोकरी आहे / नाही' एवढ्या दोन रकान्यांवर हार्ट थांबले असते तर आज तुमच्या प्रबंधाच्या शीर्षकाला अर्थ राहिला नसता.

तुमच्या गाइडना वाईट ठरवायची मला घाई नाही. त्यांनाही कुणाला तरी उत्तर द्यायचं असतं आणि ३८४ म्हटलं की समिती प्रश्न विचारत नाही. 'डेटा आणा, मग बोलू' याचा अर्थ बरेचदा 'मला काहीतरी कागदावर दाखवा' एवढाच असतो. म्हणून तक्रार नेऊ नका, कागद न्या. ६१ फॉर्मांच्या मागचं सगळं टाइप करा, जसं बोलले तसं, न सुधारता. सुधारू नका हे पुन्हा सांगते, कारण तुमचा हात शिवशिवणार. मग त्यातली एकसारखी वाक्यं एकत्र करा. नफ्याबद्दलची, उधारीबद्दलची, 'खात्या'बद्दलची. चार-पाच पानं होतील. त्यासोबत एका भागाची तुम्ही केलेली यादी ठेवा, आणि ज्या रकान्यांत निम्म्याहून जास्त फॉर्म रिकामे आहेत त्यांची नावं. सांगा की आधीचे ६१ पायलट, म्हणजे पूर्वचाचणी, म्हणून धरते, प्रश्नावली बदलते, नमुना असा निवडते. पायलट हा शब्द गाइडना आवडतो.

जाण्याआधी मात्र त्या शिंप्यांकडे एकदा जाऊन या. फॉर्म नेऊ नका आणि नफा हा शब्द काढू नका. एवढंच विचारा, की या महिन्यात हात आखडता घ्यावा लागणार हे तुम्हाला कधी आणि कशावरून कळतं.